जुन्या गाडीचं क्रूझ मध्येच सुटतं, सुरुवात कुठून करू?

अबोली | ३ ऑगस्ट, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. गाडी २०१२ ची पेट्रोल सेडान, मॅन्युअल गिअर, क्रूझ कंट्रोल (पाय न लावता ठरवलेला वेग धरून ठेवणारी सोय) कंपनीतूनच आलेलं. चार वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतली, आता १ लाख ३८ हजार किलोमीटर झालेत. दर पंधरा दिवसांनी संभाजीनगरहून वर्ध्याला आईकडे जाते, समृद्धीने. एवढ्या लांबच्या सरळ रस्त्यावर क्रूझचा मला खरा आधार आहे, कारण उजव्या गुडघ्याचं दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन झालंय.

तक्रार अशी. ९० ला सेट केलं की कधी पाच, कधी वीस किलोमीटर चालतं आणि अचानक सुटतं. गाडी मंदावते, मागचा ट्रक अंगावर येतो. रिझ्यूम दाबलं की पुन्हा पकडतं. कधी मात्र दहादा दाबलं तरी सेटच होत नाही. शिवाय पकडलेलं असतानाही वेग एकसारखा राहत नाही, ८६ ते ९४ मध्ये डोलत राहतो.

एका सर्व्हिस सेंटरमध्ये दाखवली. त्यांनी अर्ध्या तासात ‘ईसीयू (गाडीचा कॉम्प्युटर) बदलावा लागेल’ असं सांगून पासष्ट हजारांचं एस्टिमेट हातात दिलं. एवढ्या जुन्या गाडीवर इतका खर्च करायची माझी तयारी नाही, आणि खरं सांगायचं तर ते निदान मला पटलेलंही नाही.

गाडीचं बाकी सगळं ठीक आहे. यंदा बॅटरी दोनदा बसली तेवढीच, पण ती जुनी होती, नवी टाकली. कुठून सुरुवात करू?

नट_बोल्ट | ३ ऑगस्ट, रात्री १०:१५

ताई, ईसीयू सगळ्यात शेवटी. मी पिंपरीत तीस वर्षं ऑटो इलेक्ट्रिकचं काम केलं. क्रूझ सुटतं म्हणून आलेल्या गाड्यांत ईसीयू खरोखर गेलेला मी बोटांवर मोजण्याइतकाच पाहिला.

आधी एवढं पाहून सांगा:

क्रूझ सुटतं तेव्हा मीटरमधले दोन्ही दिवे जातात की फक्त ‘सेट’चा? अनेक गाड्यांत क्रूझ चालू असल्याचा एक आणि वेग पकडल्याचा दुसरा, असे वेगळे दिवे असतात. फक्त दुसरा जात असेल तर कुठून तरी ‘सोड’ असा निरोप ईसीयूला मिळतोय, म्हणजे ब्रेककडून किंवा क्लचकडून. दोन्ही जात असतील तर सप्लाय, फ्यूज किंवा स्टिअरिंगवरची बटणं.

हॉर्न कधी वाजत नाही असं होतं का? स्टिअरिंग वळवल्यावर?

स्पीडोमीटरचा काटा मध्येच उडी मारतो का? एबीएसचा (ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) दिवा लागतो का?

आणि सुटतं ते रस्त्याच्या कुठल्या जागी, हेही आठवून पाहा.

रानभूल | ४ ऑगस्ट, सकाळी ७:०५

माझं मत वेगळं आहे. आपल्याकडच्या रस्त्यांवर क्रूझ हवंच कशाला? म्हैस कुठून येईल, उलट्या बाजूने दुचाकी कुठून येईल, नेम नाही. मी २००९ पासून पायाने चालवतोय, कधी अडलं नाही. बटण बंद करा आणि विसरून जा.

विदर्भकन्या | ४ ऑगस्ट, सकाळी ८:३०

रानभूल भाऊ, गावातल्या रस्त्याला तुमचं म्हणणं कबूल. पण समृद्धीवर चालवून पाहा जी. ७०१ किलोमीटरचा रस्ता, सिग्नल नाही, दुचाकी-रिक्षाला बंदी, गाड्यांना १२० ची मर्यादा. कारंजा ते जालना एका जागी पाय धरून बसलं की पोटरी दगड होते. अबोलीताईंच्या गुडघ्याचं तर ऑपरेशन झालंय.

आणि क्रूझ वापरायचं नाही असं ठरवलं तरी बिघाड जातो थोडाच! ब्रेककडूनच चुकीचा निरोप जात असेल तर तो ब्रेकच्या वायरिंगमधला दोष झाला. तो शोधायलाच हवा.

हळूहळू_चला | ४ ऑगस्ट, सकाळी ११:२०

समृद्धीचा विषय निघालाय म्हणून सांगतो. क्रूझ लावलं की पायाला काम नाही, रस्त्याला वळण नाही, डोळ्यांपुढे तेच ते काँक्रीट. डोळे उघडे असतात पण मन झोपतं. गेल्या उन्हाळ्यात मेहकरच्या पुढे मला एकदम जाणवलं की मागचे दहा-बारा किलोमीटर आपल्याला आठवतच नाहीत. तेव्हापासून दर तासाला क्रूझ सोडून दहा मिनिटं पायाने चालवतो आणि दीड तासाला थांबतोच.

पावसात तर क्रूझ नकोच. साचलेल्या पाण्यावर टायर तरंगला की आपण आपसूक ॲक्सिलरेटर सोडतो. क्रूझला पाणी दिसत नाही, ते वेग धरून ठेवायलाच बघतं.

मिशिगनचा_मधू | ४ ऑगस्ट, संध्या. ६:५०

ज्याने हे यंत्र शोधलं त्याला स्वतःला गाडी चालवता येत नव्हती, हे इथे किती जणांना माहीत आहे? राल्फ टीटर, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातला इंजिनिअर. पाचव्या वर्षी अपघातात दृष्टी गेली. त्याचा वकील गाडी चालवता चालवता बोलायचा, आणि बोलताना गाडी कधी पळवायचा, कधी मंदावायचा. त्या धक्क्यांना कंटाळून टीटरला ही कल्पना सुचली असं सांगतात. पेटंट मिळालं १९५० मध्ये, आणि १९५८ च्या क्रायस्लर इम्पीरियलमध्ये ते पहिल्यांदा विकायला आलं. वेगातला चढउतार सगळ्यात आधी जाणवला तो न दिसणाऱ्या माणसाला. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

आता ताईंच्या मुद्द्याकडे. विदर्भकन्या म्हणतायत ते अगदी खरं आहे. इथे अमेरिकेत फोर्डच्या लाखो गाड्यांत ब्रेक दाबल्यावर क्रूझ सोडवणारा एक स्विच ब्रेक ऑइलच्या दाबावर चालायचा. आतला पातळ पडदा चिरला की ऑइल विजेच्या बाजूला झिरपायचं. स्विचला सप्लाय कायम चालू, त्यामुळे बंद करून ठेवलेल्या गाड्यासुद्धा पेटल्या. वर्षानुवर्षं टप्प्याटप्प्याने गाड्या परत बोलावल्या, २००९ पर्यंत आकडा कोटीच्या वर गेला. आपल्याकडच्या गाड्यांत स्विच साधा असतो, पेडलला टेकणारा, त्यामुळे ती भीती नाही. पण क्रूझच्या तक्रारीत ब्रेकचा स्विच पहिला बघायचा, हे मी तेव्हापासून मनात पक्कं केलंय.

अबोली | ४ ऑगस्ट, रात्री ९:१०

सगळ्यांचे मनापासून आभार. मधू, टीटरची गोष्ट आईला वाचून दाखवली. तिचीही नजर आता अधू झाली आहे, ती कितीतरी वेळ त्याच्याबद्दलच बोलत होती.

नट_बोल्ट काका, उत्तरं देते. फक्त ‘सेट’चा दिवा जातो, दुसरा राहतो. हॉर्न नेहमी वाजतो. काटा उडी मारत नाही, एबीएसचा दिवा नाही. जागेचं म्हणाल तर बहुतेक वेळा पुलावर. पुलाच्या जोडावरून चाकं गेली, धप्प आवाज आला की सुटतं. पण प्रत्येक पुलावर नाही.

कोल्हापुरी_रस्सा | ४ ऑगस्ट, रात्री १०:०२

ताई, मागचे ब्रेकचे बल्ब बदलून एलईडी टाकलेत काय? माझ्या जुन्या गाडीत मी हौसेनं टाकले आणि दुसऱ्या दिवसापासून क्रूझ गुल! आठवडाभर सगळ्या गॅरेजा पालथ्या घातल्या. शेवटी एक म्हातारा वायरमन म्हणाला, “जुने बल्ब लाव जा.” लावले आणि झालं सुरू.

अबोली | ४ ऑगस्ट, रात्री १०:२०

अहो, टाकलेत! गेल्या दिवाळीत. उद्याच जुने लावते.

नट_बोल्ट | ५ ऑगस्ट, सकाळी ६:४५

रस्साभाऊंनी चांगलं सांगितलं, पण ते का होतं तेही समजून घ्या म्हणजे पुढचं सोपं जाईल.

काही जुन्या गाड्यांत क्रूझचं सर्किट ब्रेकच्या बल्बमधून अर्थ (वीज परत जायची वाट) मिळतोय का ते तपासत असतं. साध्या बल्बची तार थंड असताना तिचा रेझिस्टन्स अगदी कमी, म्हणून सर्किटला अर्थ सापडतो. एलईडीमधून तो तसा मिळत नाही. सर्किट समजतं की ब्रेकची वायर तुटली, आणि क्रूझ घ्यायला नकार देतं. पण त्यात क्रूझ मुळात लागतच नाही. तुमचं लागतं आणि मग सुटतं, म्हणून मला हे पूर्ण कारण वाटत नाही. तरी बल्ब बदलून बघा, खर्च शंभराच्या आतला आहे.

आता ब्रेक स्विच. पेडलच्या वर, पायाच्या पोकळीत असतो. पेडल वर असतं तेव्हा पेडलचा दांडा स्विचची टोपी दाबून धरतो. पाय दिला की दांडा लांब जातो आणि टोपी बाहेर येते. आत सहसा दोन कॉन्टॅक्ट असतात. एक ब्रेकचे दिवे लावतो, दुसरा ईसीयूला सांगतो की ब्रेक दाबला. दोन्ही कायम उलट स्थितीत असायला हवेत. दोघांचं म्हणणं जुळलं नाही की ईसीयू कुणाचंच ऐकत नाही, थेट क्रूझ सोडतो. आणि ते बरोबरच आहे. शंका आली की सोडायचं, अशीच त्याची रचना असते.

पुलाच्या जोडावर सुटतं म्हणजे हादऱ्याने टोपी क्षणभर हलते असा माझा अंदाज. क्लचलाही असाच स्विच आहे, तोही बघा.

परीक्षा सोपी आहे. मागून दुसऱ्या गाडीत माणूस बसवा. तुम्ही ब्रेकला पाय न लावता चालवा. क्रूझ सुटायच्या क्षणी मागचे दिवे लुकलुकले तर शोध ब्रेकच्या पेडलपाशीच संपला.

चौकसबुद्धी | ५ ऑगस्ट, दुपारी १२:३०

स्कॅनरनेही पाहा, म्हणजे ईसीयूत साठलेले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या यंत्राने. ईएलएम ३२७ चा छोटा ब्लूटूथवाला हजाराच्या आत मिळतो, मोबाइलला जोडायचा. पी ०५०४ आला तर ब्रेक स्विचचे दोन निरोप जुळत नाहीयेत, पी ०५७१ आला तरी ब्रेक स्विचचंच सर्किट. पी ०५०० आला तर मात्र वेगाच्या सेन्सरकडे वळा. इंजिनचा दिवा लागलेला नसला तरी आत कोड साठलेला असू शकतो.

माझ्या गाडीत क्लॉक स्प्रिंग गेली होती. स्टिअरिंगखालची ती रिबनची गुंडाळी, तिच्यातूनच बटणांची, हॉर्नची, एअरबॅगची वायर जाते. तिथे क्रूझसोबत हॉर्नही रुसायचा आणि एअरबॅगचा दिवा लागायचा. अबोलीताईंचा हॉर्न ठणठणीत आहे, त्यामुळे ती शक्यता कमी. आणि ती कुणीही घरी उघडू नका. बॅटरीची निगेटिव्ह काढून, थोडा वेळ थांबून, मगच एअरबॅगला हात लावायचा असतो. ते काम जाणकाराचं.

अबोली | १० ऑगस्ट, रात्री ८:५५

उशिराबद्दल माफ करा, मध्ये वर्ध्याला जाऊन आले.

जुने बल्ब लावले. ‘दहादा दाबूनही सेट होत नाही’ हा प्रकार कमी झाल्यासारखा वाटला, पण सुटणं तसंच.

स्कॅनर मागवला. पी ०५०४! चौकसबुद्धी, तुमचे किती आभार मानू.

आणि परवा भाच्याला त्याच्या गाडीत मागे यायला सांगितलं. फोन स्पीकरवर, त्याची बायको शेजारी बसून बघत होती. पहिल्या पुलावर काही नाही. दुसऱ्या पुलावर माझा ‘सेट’चा दिवा गेला आणि त्याच क्षणी फोनवर दोघं ओरडली, “मामी, लागले! ब्रेकचे दिवे लागले!” माझा पाय पूर्ण बाजूला होता.

आता स्विच नवा आणायचा एवढंच ना?

अंगणवाडी | १० ऑगस्ट, रात्री ९:३०

थांबा ताई, स्विच विकत घ्यायच्या आधी एक विचारते. गाडी झाडताना ड्रायव्हरच्या पायाखालच्या मॅटवर प्लास्टिकचे तुकडे दिसले का? निळसर, पिवळट, काळे, रंग कुठलाही असेल. बिस्किटासारखे हाताने चुरा होणारे?

माझ्या वडिलांच्या गाडीत दिसले होते. आम्ही खाऊच्या डब्याचं झाकण फुटलं असेल समजून झाडून टाकले. नंतर कळलं, ब्रेकच्या दांड्याला भोक असतं आणि त्यात एक छोटं बटण बसवलेलं असतं. स्विचची टोपी त्या बटणावर टेकते. दहा-बारा वर्षांच्या उन्हाने ते वाळतं आणि तुटून पडतं. मग टोपी थेट भोकात शिरते, स्विचला वाटतं पेडल दाबलेलंच आहे. रात्रभर मागचे दिवे चालू राहून आमची बॅटरी बसायची.

तुमचीही बॅटरी दोनदा बसली असं पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय, म्हणून विचारलं.

अबोली | १० ऑगस्ट, रात्री ९:४८

अंगावर काटा आला. तपकिरी चुरा! जूनमध्ये मॅट धुताना निघाला होता, मी शेंगदाण्याची टरफलं समजले. आत्ता टॉर्च घेऊन खाली जाते.

अबोली | १० ऑगस्ट, रात्री १०:२५

सापडलं. दांड्याच्या भोकात बटणाचा अर्धा चंद्र तेवढा शिल्लक आहे. स्विचची टोपी त्याच्या काठावर कशीबशी टेकलीय. पेडलला बोटाने टिचकी मारली की टोपी घसरते आणि भिंतीवर मागचा लाल उजेड पडतो. चार वेळा करून पाहिलं, चारही वेळा.

म्हणजे पुलावर सुटायचं ते टोपी घसरल्यामुळे, आणि बॅटरी बसायची ती रात्री टोपी भोकात अडकून राहिल्यामुळे. सहा महिने मी मागच्या गाड्यांना खोटे ब्रेक दाखवत फिरत होते. क्रूझ राहिलं बाजूला, आता मला ह्याचंच जास्त वाईट वाटतंय.

कोल्हापुरी_रस्सा | १० ऑगस्ट, रात्री १०:४०

ताई, रातच्याला दुकान कुठलं उघडं असणार! जुन्या स्लीपरचा अंगठा असतो न्हवं, त्याचा खालचा गोल तुकडा कापून भोकात कोंबा. आमच्या मामांच्या गाडीत दीड वर्ष टिकलाय, आणि मामा अभिमानानं सांगतात, ब्रेकला बी चप्पल हाय म्हणून!

नट_बोल्ट | ११ ऑगस्ट, सकाळी ६:२०

अंगणवाडी ताईंनी तीस वर्षांच्या माणसाच्या पुढे जाऊन बरोबर जागा दाखवली. मी स्विच बदलायला सांगितला असता आणि नवा स्विचही त्याच अर्ध्या चंद्रावर टेकला असता. मनापासून दाद.

मामांचं रबर घरून गॅरेजपर्यंत जाण्यापुरतं चालेल, पुढे नको. मऊ रबर दबतं आणि टोपीचं अंतर बदलतं. कुणी भोकात नट-बोल्ट आवळतात. ते पक्कं बसतं खरं, पण बोल्टचं डोकं जाड असलं तर टोपी आधीच जास्त दाबली जाते आणि पेडल बरंच खाली गेल्यावर दिवे लागतात. मागच्याला तुमचा ब्रेक उशिरा दिसतो. मूळ मापाचं बटणच आणा, स्विच आणि पेडलमधलं अंतर तपासून घ्या, आणि बसवल्यावर मागे माणूस उभा करून दिवे बघा. पाय टेकताच लागले पाहिजेत, उचलताच विझले पाहिजेत.

ब्रेकला आणि क्लचला, दोन्हीकडे नवं टाका. दोघांचं वय सारखंच आहे.

अबोली | १६ ऑगस्ट, संध्या. ७:१५

दोन्ही बटणं बसली. किंमत दोन्हींची मिळून नव्वद रुपये, मजुरी दोनशे. क्लचचं जुनं बटण मेकॅनिकच्या चिमटीतच भुगा झालं.

काल संभाजीनगर ते वर्धा. सगळे पूल, सगळे जोड, क्रूझ एकदाही सुटलं नाही. शेवटचे पन्नास किलोमीटर पाऊस लागला तेव्हा हळूहळू_चला यांचं ऐकून मीच सोडलं.

पण वेग डोलतो तो अजून आहे. ८७ ते ९३.

नट_बोल्ट | १६ ऑगस्ट, रात्री ८:००

ते दुखणं वेगळं. एका गाडीत दोन आजार असले की माणूस एकाच औषधाने दोन्ही बरे करायला बघतो. गाडी उभी असताना आरपीएम (इंजिनचे मिनिटाचे फेरे) स्थिर राहतात का? एसी लावल्यावर खाली-वर होतात?

अबोली | १६ ऑगस्ट, रात्री ८:१०

होतात. एसी लावला की थरथरते.

नट_बोल्ट | १६ ऑगस्ट, रात्री ८:३०

मग थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग, साफ करून घ्या. पेट्रोल गाडीत तिच्या पाकळीच्या कडेला काळा थर चढतो. क्रूझ पाकळी केसभर उघडायला सांगतं, ती चिकटून राहते, मग झटक्यात जास्त उघडते. वेग वाढला की उलटा खेळ. ठरलेल्याच क्लीनरने साफ करायला सांगा. पाकळी बोटाने जोरात ढकलू देऊ नका, तिला आत मोटर असते. आणि झाल्यावर स्कॅनरवरून आयडल (गाडी उभी असतानाचा इंजिनचा वेग) ईसीयूला नव्याने शिकवायला लावा, नाहीतर दोन दिवस आरपीएम चढे राहतील. एअर फिल्टरपासूनच्या पाइपला चीर आहे का तेही त्याच वेळी बघा.

अबोली | २३ ऑगस्ट, रात्री ९:००

थ्रॉटल बॉडी साफ झाली, कापड कोळशासारखं काळं निघालं. आज जालन्यापर्यंत जाऊन आले. ८९ ते ९१. चढावर एखादा किलोमीटर कमी होतो, तेवढं मला चालेल.

त्या सर्व्हिस सेंटरलाही फोन करून सांगितलं, नेमकं काय निघालं ते. पुढच्या कुणाला पासष्ट हजारांचा कागद हातात पडू नये.

रानभूल | २४ ऑगस्ट, सकाळी ७:३०

माझ्या गाडीला क्रूझ नाही, त्यामुळे हा धागा आपल्या कामाचा नाही असं समजत होतो. पण गेल्या महिन्यात माझीही बॅटरी बसली होती. काल रात्री गाडी बंद करून मागे जाऊन पाहिलं, तर पाय न लावता ब्रेकचे दिवे मंद लागलेले. मॅटखाली पिवळा चुरा. २००९ ची गाडी आहे.

अबोलीताई, पहिल्या दिवशी ‘विसरून जा’ म्हणालो होतो, त्याबद्दल माफी असावी. त्या बटणाचा फोटो टाकता का? दुकानदाराला दाखवायचा आहे.

अबोली | २४ ऑगस्ट, सकाळी ८:०५

दादा, माफी कसली. फोटो टाकते. पण फोटोवर जाऊ नका, दांड्याच्या भोकाचं माप पट्टीने मोजून न्या. मला पहिल्यांदा मिळालं ते बटण सैल होतं, परत करावं लागलं. आणि तोपर्यंत रात्री बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवा.